उघडलेली वाइन टिकवायची तर आधी बाटली बदला

दोघांनी ७५० मिलीची बाटली उघडली की एका जेवणात बहुतेक वेळा अर्धीच संपते. उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करायचं हा प्रश्न जेवणं आटोपल्यावर, भांडी आवरताना पडतो. तोवर उशीर झालेला असतो. बाटली दोन तास टेबलावर उघडी उभी असते, चार-सहा वेळा कलंडून पुन्हा सरळ झालेली असते, आणि आतल्या वाइनला पुरेशी हवा लागलेली असते. त्यानंतर कितीही महागडं बूच लावलं तरी आत बंद होते ती हवा लागलेली वाइनच. म्हणून उद्यासाठी ठेवायची वाइन पहिला ग्लास भरण्याआधी बाजूला काढायची. बाकीची सगळी साधनं, पंप, गॅस, झाकणं, या एका सवयीपुढे दुय्यम आहेत. का, ते आकड्यांनी चटकन कळतं.

अर्ध्या रिकाम्या बाटलीत जवळपास ३९० मिली हवा असते: संपलेल्या वाइनची जागा आणि मानेतली मूळची पोकळी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ८० मिलीच्या आसपास. वजनात तो भरतो सुमारे १०० मिलिग्रॅम. आता दुसरी बाजू बघा. वाइनला ऑक्सिजनपासून वाचवणारा मुख्य घटक म्हणजे तिच्यातला मोकळा सल्फर डायऑक्साइड, लेबलवर ज्याचा ‘सल्फाइट’ म्हणून उल्लेख असतो तो. नीट बनवलेल्या वाइनमध्ये तो लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम असतो, म्हणजे उरलेल्या ३७५ मिलीमध्ये ११ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन निपटायला सल्फर डायऑक्साइडचे चार मिलिग्रॅम खर्ची पडतात. हिशेब असा की ३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरला की वाइनचं कवच संपलं, आणि बाटलीत तर १०० मिलिग्रॅम कोंडलेला आहे. बूच कितीही घट्ट बसवा, शत्रू बाहेर नाही, आत आहे.

तो सगळा ऑक्सिजन एकदम वाइनमध्ये उतरत नाही, हेच आपलं नशीब. २० अंशाला वाइनमध्ये एका वेळी लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळतो. तो रासायनिक क्रियेत खर्च झाला की वरून आणखी उतरतो. बाटली स्थिर असेल तर हे उतरणं खूप संथ चालतं. बाटली हलली, वाइन ओतली, ग्लासात खळखळली की काही सेकंदांतच भरपूर ऑक्सिजन आत जातो. पृष्ठभागाचाही मोठा वाटा असतो. उभ्या बाटलीत वाइनचा हवेला लागलेला भाग ४० चौरस सेंटिमीटरच्या आत असतो. तीच अर्धी बाटली फ्रिजमध्ये आडवी टाकली तर तो तिपटीच्या वर जातो. न उघडलेली, लाकडी बुचाची बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. उघडलेल्या बाटलीला तो नियम लावायचा नाही. ती उभीच ठेवायची, आणि फ्रिजच्या दारात अजिबात नाही. दार दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडतं, दर वेळी बाटली हिंदकळते, आणि तो कप्पा आतल्या फळीपेक्षा गरमही असतो.

विरघळलेला ऑक्सिजन वाइनमधल्या अल्कोहोलवर थेट तुटून पडत नाही. वाइनमध्ये लोह आणि तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं. त्यांच्या मध्यस्थीने ऑक्सिजन आधी फिनॉल गटातल्या पदार्थांना गाठतो. त्या क्रियेत एकीकडे क्विनोन तयार होतात आणि दुसरीकडे हायड्रोजन पेरॉक्साइड. क्विनोनमुळे वाइन तपकिरी पडते, आणि फळांचा वास देणारे रेणूही ते बांधून टाकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लोहाच्या साहाय्याने अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा किंवा जुन्या अक्रोडाचा जो वास उघड्या वाइनला येतो, तो याचा. सल्फर डायऑक्साइड या दोन्ही ठिकाणी आडवा येतो: क्विनोनला मागे फिरवतो, पेरॉक्साइड संपवतो. तो शिल्लक आहे तोवर वाइन ठीक असते.

सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा पॅशनफ्रूटसारखा ताजा वास थायॉल नावाच्या गंधकयुक्त रेणूंचा असतो, आणि क्विनोन आधी त्यांनाच गिळतात. म्हणून नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ दुसऱ्या दिवशी बिघडलेली वाटत नाही, पण गप्प झालेली वाटते. शिराझ किंवा काबर्नेसारख्या लाल वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे पदार्थ, आणि रंगद्रव्यं भरपूर असतात. ती बराच ऑक्सिजन पचवतात, म्हणून या वाइन एखाद-दोन दिवस जास्त तग धरतात. शनँ ब्लाँ ही पांढरी वाइन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. साखर वाइनला ऑक्सिजनपासून वाचवते हा समज मात्र चुकीचा आहे. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड ‘लेट हार्वेस्ट’ वाइन टिकते ती बहुधा तिच्यात सल्फाइट जास्त असतं म्हणून. पिनो न्वारसारख्या पातळ अंगाच्या आणि जुन्या, मुरलेल्या वाइनवर दुसऱ्या दिवसाची भिस्त ठेवू नये. सल्फाइट न घालता बनवलेली वाइन तर त्याच रात्री संपवावी.

आता मुख्य कृती. लागते ती ३७५ मिलीची, स्क्रू कॅपची, काचेची एक बाटली. ती वेगळी विकत आणायची गरज नाही. सुला आणि इतरही काही उत्पादकांच्या वाइन या मापात मिळतात. एकदा एक घ्यावी, प्यावी आणि बाटली झाकणासकट ठेवून द्यावी. रिकामी झाल्याबरोबर गरम पाण्याने दोन-तीनदा विसळावी. साबण लावू नये, वास राहतो. लावलाच तर बिनवासाचा, आणि मग पाणी सढळ हाताने. उलटी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. झाकणाच्या आतली चकती कापली किंवा दुमडली गेलेली नाही हे पाहावं. पाणी भरून, झाकण लावून बाटली तासभर आडवी ठेवली की गळतं का ते कळतं. व्हिस्कीची १८० मिलीची काचेची क्वार्टरही चालते, दोन क्वार्टरमध्ये ३६० मिली बसते. पण कित्येक क्वार्टरच्या तोंडात प्लास्टिकची न निघणारी गोळी असते आणि कित्येक प्लास्टिकच्याच असतात, त्या बाद. प्लास्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन झिरपतो. आणि तांब्याच्या पाण्याच्या बाटलीत वाइन कधीही भरू नये. वाइनचा सामू ३.२ ते ३.८ असतो, एवढ्या आंबट द्रवात तांबं उतरतं. ते पोटाला वाईट आहेच, शिवाय ज्या क्रियेला आपण थोपवू बघतो तिलाच ते वेग देतं. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमही नको.

मोठी बाटली उघडा, ग्लासात घोटभर घेऊन चाखा. मूळची खराब वाइन जपून ठेवण्यात अर्थ नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष आहे, तो हवेने जाणार नाही आणि फ्रिजनेही नाही. वाइन ठीक असेल तर लगेच छोट्या बाटलीत चमचाभर वाइन घालून ती आतून विसळा आणि तेवढी फेकून द्या. मग छोटी बाटली तिरकी धरून वाइन काचेच्या कडेने, बारीक धारेने उतरवा. सरळ मध्ये पडणारी धार फेस करते, आणि फेस म्हणजे हवा. नरसाळं वापरायचं तर त्याची नळी काचेला टेकलेली असावी. सर्वांत चांगलं म्हणजे नरसाळ्याला खाद्यपदार्थांसाठी चालणारी सिलिकॉनची नळी लावून ती तळापर्यंत सोडायची, म्हणजे वाइन खालून वर चढते. पांढरी किंवा रोझे (गुलाबी) वाइन फ्रिजमधून काढलेली असेल तर हात आणखी हलका ठेवा, कारण थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो.

कुठवर भरायचं, इथे बरेच जण चुकतात. बाटलीवर ३७५ मिली लिहिलेलं असलं तरी काठोकाठ त्याहून थोडी जास्त वाइन मावते. मूळ पातळीपर्यंत भरून थांबलात तर मानेत बोटभर हवा राहते. झाकणापासून तीन-चार मिलिमीटरवर थांबायचं. अगदी शून्य जागा ठेवायची नाही, कारण ५ अंशांची वाइन २० अंशांना आली की ३७५ मिलीमागे मिलीभर फुगते आणि झाकणाच्या फटीतून झिरपू लागते. एवढ्या पोकळीत ऑक्सिजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. हळू ओतताना आणखी मिलिग्रॅमभर विरघळला असं धरा. मघाचा ३ मिलिग्रॅमचा हिशेब आठवा: सल्फाइटचं कवच अजून शाबूत आहे. झाकण घट्ट लावा, तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि सरळ फ्रिजच्या आतल्या फळीवर, मागच्या बाजूला. अशी वाइन आठवडाभर निर्धास्त राहते. तगडी शिराझ किंवा काबर्ने दोन आठवडेही राहते. मोठ्या बाटलीतला भाग त्या रात्री आरामात, हवा लागू देऊन प्यायचा. तिला डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागू देणाऱ्या रुंद काचपात्रात, काढा, ग्लासात घुमवा, काही बिघडत नाही.

लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही असं अजूनही ठासून सांगितलं जातं. ते उघडलेल्या बाटलीला लागू नाही, आणि आपल्या हवेत तर मुळीच नाही. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द युरोपातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांतून आला. मुंबईत ओट्यावर ठेवलेली बाटली ३०-३२ अंशांत असते, मे महिन्यात विदर्भात त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग निम्म्यावर येतो असा ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३० अंशांवरून ५ अंशांवर नेलं की ऱ्हास पाच-सहापट मंदावतो. घरातलं सर्वांत परिणामकारक वाइन-रक्षक यंत्र फ्रिजच आहे, आणि ते सगळ्यांकडे आहे. प्यायच्या आधी लाल वाइन बाहेर काढून उन्हाळ्यात वीस मिनिटं, थंडीत पाऊण तास ठेवली की पुरे.

थंडीचा दुसरा फायदा जिवाणूंच्या बाबतीत. अ‍ॅसिटिक जिवाणू हवेच्या संगतीत अल्कोहोलचं व्हिनेगर करतात आणि उबेत झपाट्याने वाढतात. पावसाळ्यात उघड्या बाटलीभोवती जमणारी चिलटं हेच जिवाणू अंगावर घेऊन येतात, त्यामुळे जेवण चालू असतानाही बाटलीच्या तोंडावर बूच टेकवून ठेवावं. वाइन उतरली म्हणताना दोन वेगळे बिघाड ओळखता यायला हवेत. फळांचा वास विरून सफरचंद-अक्रोडाचा वास आला, पांढरी सोनेरी-तपकिरी झाली, लालचा जांभळा काठ विटकरी झाला, तर ते ऑक्सिडेशन. नाकात चढणारा आंबट वास किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर तो जिवाणूंचा उद्योग. पहिला एका-दोन दिवसांत दिसू शकतो, दुसऱ्याला सहसा जास्त वेळ लागतो. आणि तिसरी शक्यता सुखाची आहे: उघडल्यावर काडेपेटीचा किंवा कोबी शिजल्यासारखा वास येणारी वाइन दुसऱ्या दिवशी खुलते आणि चांगली लागते. तिला हवा कमी मिळालेली असते, थोडी मिळाली की ती सुधारते.

हातपंपाबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण भेट म्हणून सगळ्यात जास्त तोच दिला जातो. रबरी बूच लावायचं आणि पंपाने हवा ओढायची, अशी ती रचना. धरून चालू की तीन चतुर्थांश हवा निघाली. १०० मिलिग्रॅमपैकी २५ मिलिग्रॅम ऑक्सिजन तरीही आत आहे, म्हणजे कवच संपवायला लागतो त्याच्या आठपट. रबरी बूच रात्रभरात थोडं सैल पडतं आणि हवा परत शिरते. शिवाय कमी दाबात वाइनमधला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि काही सुगंधही वर येऊन पंपाबरोबर निघून जातात. ताज्या, चुरचुरीत पांढऱ्या वाइनला याचा जास्त फटका बसतो. पंपामुळे वाइन टिकली असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे खरं काम बहुतेक फ्रिजने केलेलं असतं. घरात पंप असेल तर एका रात्रीपुरता लाल वाइनला वापरावा. नसेल तर घेऊ नये.

निष्क्रिय गॅसची पद्धत तत्त्वाने बरोबर आहे. आर्गॉन हवेपेक्षा जड, वाइनशी कसलीच क्रिया न करणारा, पाण्यात फारसा न विरघळणारा. फवाऱ्याच्या डब्यांत तो एकटा किंवा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडसोबत असतो. चूक होते ती प्रमाणात. आर्गॉन वाइनवर चादरीसारखा पसरून दिवसेंदिवस तसाच राहतो असं सांगतात. तसं होत नाही, बंद बाटलीत वायू काही वेळात एकमेकांत मिसळतात. गॅसने हवेला बाहेर ढकलायला हवं. आत जाणारा गॅस हवेत पूर्ण मिसळत गेला असं धरलं तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायला पोकळीच्या २.३ पट गॅस लागतो. अर्ध्या बाटलीला तो जवळपास ९०० मिली होतो. अर्ध्या सेकंदाच्या एका फवाऱ्याने काही होत नाही. नळी वाइनच्या पृष्ठभागाच्या जरा वर, काचेला टेकवून धरावी आणि गॅस हळू सोडावा. जोरात सोडला तर आतली हवाच घुसळते. नळी काढल्याबरोबर झाकण. निव्वळ कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो वाइनमध्ये विरघळून जिभेला टोचतो, आणि क्रीम फेटायच्या डब्यांतला वायू नायट्रस ऑक्साइड असतो, तो नको. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून काचेच्या बाटलीत गॅस सोडायचा प्रयोग कुणीही करू नये. काच फुटते.

सुईने बुचातून वाइन काढणारं कोराव्हिन हे यंत्र वेगळ्या वर्गातलं आहे. त्यात बाटली उघडतच नाही. पोकळ सुई बुचातून आत जाते, आर्गॉन दाबाने आत शिरतो, तेवढी वाइन बाहेर येते, सुई काढली की बुचाचं भोक मिटतं. हवा कधी आत आलीच नाही, म्हणून वाइन महिनोन्‌महिने टिकते. अट अशी की बूच खऱ्या कॉर्कचं आणि धडधाकट हवं. कृत्रिम बुचाचं भोक नीट मिटत नाही, जुनं भुसभुशीत बूच गळतं, आणि स्क्रू कॅपला त्यासाठीचं वेगळं झाकण लागतं. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्या स्क्रू कॅपच्याच असतात. महागड्या बाटलीतून महिन्याला एक ग्लास घेणाऱ्याला किंवा वाइन ग्लासवर विकणाऱ्या रेस्टॉरंटला हे यंत्र परवडतं. रोजच्या वाइनला नाही. घ्यायचं झालंच तर आर्गॉनच्या कॅप्सूल नियमित मिळतील का, हे आधी पाहावं.

काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची युक्तीही सांगितली जाते. १६ मिलिमीटरची एक गोटी २ मिलीहून जरा जास्त जागा व्यापते, म्हणजे २०० मिली पातळी चढवायला नव्वदच्या वर गोट्या. प्रत्येक गोटी पडताना वाइन ढवळते, आणि खेळण्यातल्या रंगीत काचेत काय असेल याचा भरवसा नाही. हे सोडून द्यावं.

फसफसणाऱ्या वाइनला वरचं काहीही लागू नाही. तिला छोट्या बाटलीत ओतलं की निम्मे बुडबुडे तिथेच जातात. पंप लावला तर उरलेलेही जातात. मानेत चमचा अडकवून ठेवण्याने काहीच होत नाही. तिच्यासाठी कडेला पकड असलेलं खास झाकण मिळतं, तेवढं पुरेसं आहे. वाइनमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड पोकळीत भरतो, दाब धरतो आणि वाइन दोन-तीन दिवस चांगली राहते. बाटली बर्फासारखी थंड हवी, आणि प्रत्येक ग्लासानंतर झाकण लगेच बसवायला हवं. साधं बूच ठोकून बसवू नका, रात्री ते उडतं.

पोर्तुगालची पोर्ट ही गोड वाइन १९ ते २२ टक्के अल्कोहोलची असते. तिच्यातली टॉनी आधीच लाकडी पिंपात हवेशी जुळवून घेतलेली, म्हणून ती उघडल्यावरही फ्रिजमध्ये महिनाभर चालते. विंटेज पोर्ट मात्र दोन-तीन दिवसांत संपवावी. पोर्तुगालच्याच मदिरा बेटांवरची ‘मदिरा’ नावाची वाइन तर बनतानाच उष्णता आणि हवा सोसून आलेली असते, ती महिनोन्‌महिने राहते. गोव्यात मिळणारी गोड पोर्ट वेगळी. तिच्या लेबलवर अल्कोहोलचा टक्का वाचा. तो साध्या वाइनइतकाच असेल तर तिला साध्या लाल वाइनसारखंच वागवा.

स्क्वॅश आणि सिरप टिकवायला केएमएस पावडर वापरणाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडतो: वाइनमध्येही पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच असतं, मग थोडं वरून घातलं तर? रसायनशास्त्र बरोबर आहे, अडचण मापाची आहे. ३७५ मिलीला लिटरमागे ३० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड वाढवायला केएमएस लागतं फक्त २० मिलिग्रॅम. चिमूट म्हणजे त्याच्या दहा-पंधरापट, वाइन नाकाला लावता येणार नाही. करायचंच तर ५ ग्रॅम केएमएस उकळून गार केलेल्या ५०० मिली पाण्यात विरघळवावं आणि बिनसुईच्या सिरिंजने त्यातलं २ मिली घ्यावं. द्रावण ताजंच हवं. ते खिडकी उघडी ठेवून करावं आणि हुंगू नये. हे वाइन ताजी असतानाच, छोटी बाटली भरताना उपयोगी पडतं. दमा असलेल्या कुणाच्या ग्लासात ती वाइन जाणार असेल तर अजिबात घालू नये. आठवड्याच्या आत पिणार असाल तर गरजच नाही.

आणि जी वाइन टिकवायची राहूनच गेली, ती फ्रिजमध्ये आठ दिवस ठेवून वाया घालवू नका. दुसऱ्या दिवशी चव उतरलेली वाटली तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. ट्रेच्या एका खणात १५-२० मिली मावते, मटणाच्या रश्शाला किंवा पास्त्याच्या सॉसला तीन-चार तुकडे पुरतात. १३ टक्क्यांची वाइन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठू लागते, त्यामुळे घरच्या फ्रीझरमध्ये ती घट्ट पण जरा चिकट राहते. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, खाण्यात गेले तरी काही होत नाही. गोठताना वाइन फुगते, म्हणून भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नये. नाकात चढणारा आंबट वास आलेली वाइन मात्र गोठवू नका, ती मॅरिनेडमध्ये व्हिनेगरच्या जागी त्याच दिवशी वापरून टाका.